कॅप्टनचा नवा कोट

लुनेनबर्ग, नोव्हा स्कोशिया
१४ ऑक्टोबर २००१

चि. बर्टी हिस, व्हर्नाआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि व्हँकुव्हरच्या पावसाचं चित्र असलेलं कार्ड पोचलं. पाऊस इथेही पडतो बाई, त्यासाठी तिकीट लावायची गरज नव्हती. इकडे सगळं ठीक आहे. कोबी चिरून मिठात घातलाय, घरभर आंबट वास सुटलाय. गेले चार दिवस धुकं हललेलं नाही. बंदर दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. सकाळी खिडकीशी चहा घेऊन बसलं की आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच आहोत, हे पहिला घोट घेईपर्यंत कळत नाही.

आता मुद्द्याचं बोलते. तुमच्या मालिकेत काय चालवलंय ते मला सांग. मे महिन्यात कॅप्टन डेरो त्या पांढऱ्या ढगात मागे राहिला. अंतराळयान सुटावं म्हणून दार धरून उभा राहिला, आणि मग पडदाभर पांढरंच पांढरं. उन्हाळाभर मी कळ काढली. नव्या पर्वाचे तीन भाग झाले, तरी तो मेला असंही कुणी म्हणत नाही आणि जिवंत आहे असंही म्हणत नाही. डॉक्टरीणबाई काचेशी उभी राहून उसासे टाकते. कॅप्टनच्या खुर्चीत नवा माणूस आणून बसवलाय, तो दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखा कडेवर टेकलेला असतो.

तू म्हणशील, आत्या, मालिकाच ती. ते मलाही कळतं. पण आठ वर्षांपूर्वी पहिला भाग मी आणि तुझ्या ऑर्लनकाकांनी एकाच कोचावर बसून पाहिला होता. पुढच्या फेब्रुवारीत ते मासेमारीला बोट घेऊन गेले. बोट सापडली, ते सापडले नाहीत. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी न चुकता माझ्या घरी येणारा पुरुष म्हणजे हा कॅप्टनच.

आणि लॉइडचं तुला ठाऊक आहे. शेजारी लॉइड हिर्टल, होड्या बांधायचा तो, बायको जाऊन सहा वर्षं झालेला. ईस्टरला त्याने मला लग्नाचं विचारलं. त्यासाठी ऑर्लन मयत आहेत असं कोर्टाने म्हणायला हवं. सात वर्षं उलटल्यावर ते म्हणतं. ब्रिजवॉटरच्या वकिलाने अर्ज तयार करून दिलाय, फक्त माझी सही राहिली आहे. सहा महिने तो कागद साखरेच्या भांड्याखाली पडून आहे. लॉइडची मुलगी त्याला ओंटारियोला बोलावते. तो म्हणाला की नाताळपर्यंत वाट बघतो, मग घर विकून जातो. धमकी नव्हती हो ती, उद्या वारा कुठून आहे ते सांगावं तसं सांगितलं.

म्हणून विचारते. कॅप्टन परत येणार आहे का? वेडेपणा वाटेल तुला, पण कुणीतरी कुठल्या तरी एका माणसाबद्दल मला नक्की काय ते सांगावं, एवढंच हवंय.

जेवतेस ना वेळेवर? माया आहेच, ती पत्रातून मोजू नकोस.

तुझी,
व्हर्नाआत्या

व्हँकुव्हर
२५ ऑक्टोबर २००१

ती. स्व. व्हर्नाआत्या हिस, बर्टीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिवणखोलीत तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा इस्त्री तशीच राहिली. तुला कसं सांगू? इथे कामाला लागताना आमच्याकडून लिहून घेतात की कथेतलं अक्षरही बाहेर सांगणार नाही. आईबापांना, नवऱ्याला, मित्रांना, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आत्या लिहायची राहिली, पण ती चूक आहे, पळवाट नव्हे.

तेव्हा नुसतं इकडचं सांगते. या आठवड्यात आम्ही एका नव्या ग्रहावर आहोत. तो शहराबाहेरच्या त्याच जंगलात आहे जिथे मागच्या वर्षीचे चार ग्रह होते. धूर सोडला की देवदारांची खोडं दिसेनाशी होतात आणि सगळे हळू बोलायला लागतात, खरंच कुठे लांब आल्यासारखे. मी सुई-दोऱ्याचा डबा मांडीवर घेऊन ओंडक्यावर बसते आणि चांदीच्या कपड्यातली माणसं धुरातून येताना बघते. आठ वर्षं झाली, तरी ती कुठून येतात ते मी विसरते.

आता शिवणाची एक गोष्ट. आमच्याकडे प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून पांढरी पट्टी असते, तिच्यावर नटाचं नाव. नट कायमचा गेला की पट्टी उसवतात आणि कपडे मागच्या सामायिक दांडीवर जातात, गर्दीत नुसतं चालणाऱ्यांसाठी. कॅप्टन डेरोचे अकरा कोट अजून त्यांच्या खिळ्यांना आहेत. एकाचीही पट्टी उसवलेली नाही. आणि काल आमच्या मुख्य बाई, इनेझ, माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या की बारावा बेतायला घे, त्याच्याच मापाने.

मी तुला काही सांगितलेलं नाही. दोन शिवणाऱ्या बायकांच्या गप्पा आहेत या.

लॉइड भला माणूस असेल. पण ऑर्लनकाकांनी मला जाळी विणायच्या माळ्यावर शिडं शिवायची सुई धरायला शिकवलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. आज जे पोट भरते ते त्या टाक्यांवर. त्यांच्या नावापुढे मयत लिहिलेलं वाचायचं बळ मला नाही. कागदाचं तुझं तू बघ, मी कोण सांगणारी.

तब्येत सांभाळ. माझ्यावरचा राग असला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
बर्टी

लुनेनबर्ग
९ नोव्हेंबर २००१

चि. बर्टी हिस, अ. उ. आ.

पत्र शनिवारी मिळालं. वाचलं आणि कोट न घालताच घराभोवती दोन चकरा मारल्या. मिसेस कॉर्कमने खिडकीतून विचारलं की मांजर हरवलं का. मी म्हटलं, नाही, सापडलं.

बारावा कोट. मेलेल्या माणसाला कोणी नवा कोट शिवत नाही, एवढं मला कळतं.

तुला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. ऑर्लन माझ्या स्वप्नात येतात. वर्षातून चार-पाच वेळा. स्वयंपाकघरात बूट घालून बसतात आणि मी फरशीवर चिखल बघते, तर चिखल नसतो. अंगातला स्वेटर आत्ताच घडी मोडल्यासारखा. केस कोरडे. मी चहा ठेवते, ते पितात. खिडकीबाहेर धुकं असतं, पण उजेड असतो त्याला. मी कधी काही विचारत नाही. सोमवारी पहाटे पुन्हा आले, तुझ्या पत्रानंतर दोनच दिवसांनी. ही काय खूण नव्हे?

अर्ज मी खालच्या कपाटात टाकला, टेबलक्लॉथखाली. लॉइड ब्लूबेरीचा केक खायला आला तेव्हा त्याला सांगितलं की माझ्याने होणार नाही, नाताळापर्यंतही नाही आणि नंतरचंही ठाऊक नाही. कारण सांगितलं नाही. टीव्हीवरच्या माणसाला नवा कोट बेतलाय म्हणून थांब, असं सत्तरीतल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने केक संपवला, बशी धुऊन पालथी घातली, आणि म्हणाला की गुरुवारपर्यंत धुकं निवळेल. गुरुवारी निवळलं. तेव्हा दिसलं की तो अंगणात घर विकण्याची पाटी रंगवतोय. अक्षर चांगलं आहे त्याचं.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगू, हलकंही वाटलं. आठ वर्षांत पहिल्यांदा वाट बघायला काही आधार आहे. चुकलं नाही ना गं माझं?

उत्तर लौकर लिही. आशीर्वाद आहेतच, आणि थंडीचे मोजे वेगळे पाठवते.

तुझी,
आत्या

व्हँकुव्हर
२३ नोव्हेंबर २००१

ती. स्व. आत्यास, बर्टीचा सा. न.

हे पत्र मी चारदा फाडलं. सरळच लिहिते, आणि त्या करारनाम्याचं काय व्हायचं ते होवो.

कॅप्टन परत येत नाही. कोट एका भागासाठी होता. डॉक्टरीणबाईला स्वप्न पडतं, त्यात तो यानभर फिरतो, एवढंच. जुने कोट कोपरांना झिजलेत म्हणून नवा हवा होता. स्वप्नातला माणूस नवा दिसावा असं दिग्दर्शकांनी सांगितलं. हे मला मंगळवारी कळलं. बेतताना मला काहीच माहीत नव्हतं, तरी तुला लिहून बसले.

बुधवारी तो नट एका दिवसापुरता आला. केस कापलेले होते, वर टोप बसवला. लोक हात मिळवायला रांगेत उभे राहिले. मी कॉलर नीट केली तेव्हा म्हणाला की या कोटाला कसलाच वास नाही. दुपारी त्याचं काम संपलं, त्याने कोट माझ्या हातात दिला आणि टॅक्सीत बसला. संध्याकाळी इनेझबाई म्हणाल्या की आता पट्ट्या उसव. बाराही मीच उसवल्या. कुणी मदतीला येत होतं, मी नको म्हटलं.

पुढचं लिहायला जड जातंय. तुला ते सांगताना मी तुझा विचार करत नव्हते. मला ऑर्लनकाका हवे होते. तू सही केली नाहीस तर ते कुठेतरी धुक्यात उभे आहेत असं मला इथे पाच हजार किलोमीटरवर बसून मानता येतं, आणि त्याची किंमत तिथे तू रोज देतेस, रिकाम्या घरात. आत्या, माझ्या शब्दावर थांबू नकोस. लॉइडकडे जा. आजच जा.

मला माफ कर असं म्हणायचा धीर नाही. जमेल तेव्हा दोन ओळी.

बर्टी

लुनेनबर्ग
२ डिसेंबर २००१

चि. बर्टी हिस, आशीर्वाद.

पत्र पोचलं. लॉइडच्या घराला गिऱ्हाईक मिळालं, हॅलिफॅक्सचं जोडपं आहे. मी गेले नाही. एकदा नाही म्हटलेल्या दारात कोणत्या कारणाने जायचं, ते मला सुचलं नाही.

मी रागावलेली नाही असं लिहिणार होते. पण रागावले आहे. तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त. पासष्ट वर्षांची बाई शिवणखोलीतल्या खिळ्यांवर आपला संसार टांगते.

तो स्वप्नाचा भाग कधी आहे, तेवढं कळव.

व्हर्ना

लुनेनबर्ग
२७ जानेवारी २००२

चि. बर्टी हिस, व्हर्नाआत्याचे अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं आणि नाताळचं पार्सल मिळालं. उत्तर दिलं नाही कारण द्यायला काही नव्हतं. आता आहे.

लॉइड तीन तारखेला गेला. सामानाची गाडी पुढे, तो मागे. निरोप घ्यायला दारात आला, टोपी हातात. म्हणाला की तुझ्या मागच्या पायरीची फळी बदलून ठेवली आहे, आता पाय अडकणार नाही. कधी बदलली ते मला कळलंसुद्धा नव्हतं. मी प्रवास सुखाचा होवो म्हटलं आणि दार लावून घेतलं.

अकरा तारखेला तो भाग एकटीने पाहिला. बाहेर बर्फ, चित्रातही मधूनमधून बर्फ, अँटेना हलली होती. यानाच्या लांबच लांब वाटेवरून कॅप्टन चालत आला. पायांचा आवाज नाही. लोक झोपलेले, दिवे मंद, आणि तो प्रत्येक दारावर हात ठेवत जातो, जसं घरातलं माणूस निजानीज झाल्यावर कड्या तपासतं. तुझा कोट मी लगेच ओळखला. सुरेख बसलाय. एक चुणी नाही, एक डाग नाही.

तिथेच मला कळलं. आठ वर्षं तो माणूस त्या यानावर राबला. डेरोचा कोट मी कधी धड पाहिला नाही, कायम कुठे जळलेला, कुठे फाटलेला. हा कोट कुणी घातलेलाच नव्हता. आणि माझे ऑर्लन कोरड्या स्वेटरात येतात. बर्टी, मी पंचवीस वर्षं त्या माणसाचे कपडे धुतले. ते कोरडे असे कधी घरी आलेच नाहीत. चहा मी ठेवते, खुर्ची मी सरकवते, स्वेटरसुद्धा मीच विणते झोपेत. येत होते ते ऑर्लन नव्हते. मी होते.

मग डॉक्टरीणबाईने त्याला विचारलं की तू परत येणार आहेस का. मी आठ वर्षांत जे विचारलं नाही ते तिने एका वाक्यात विचारलं. तो नुसता हसला, आणि ती जागी झाली. मी टीव्ही बंद केला आणि खूप रडले. मोठ्याने, घर हलेल असं. मिसेस कॉर्कम आली, तिने चूल पेटवली आणि बसून राहिली.

सोमवारी बस धरून ब्रिजवॉटरला गेले आणि सही केली. वकील म्हणाले की आता घाई नसेल ना, हिर्टल तर गेले. मी म्हटलं की ते होते तोवर मला करता आलं नाही; एका माणसाला बाजूला सारून दुसऱ्याला जागा करतेय असं वाटायचं. आता कुणाला जागा करायची नाही, म्हणून हे फक्त ऑर्लनसाठी झालं. त्यांना मरू द्यायला हवं होतं. इतकी वर्षं बिचाऱ्यांना दारात उभं ठेवलं मी.

कोर्टाचा कागद मार्चपर्यंत येईल. मे महिन्यात चर्चमध्ये प्रार्थना ठेवते. तू ये. तू अजून रडली नाहीस त्यांच्यासाठी, मला माहीत आहे.

आणि काल लॉइडला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, मालिका, कोट, स्वप्न, काही लपवलं नाही. तो हसेल किंवा फाडून टाकेल. त्याला ये म्हटलेलं नाही, फक्त माझ्याकडून चूक झाली एवढं सांगितलं. ओंटारियोला टपाल जायला पाच दिवस, यायला पाच. मला वाट बघायची सवय आहे, असं तू म्हणशील. पण हे निराळं आहे गं. या खेपेला ज्याची वाट बघते, तो माणूस जिवंत आहे.

घरच्यासारखीच माया धरून रहा, आणि मे महिन्याचं तिकीट आत्ताच काढ.

तुझी,
व्हर्नाआत्या