कडी न काढणारी आई

कीर्ती,

मी वकीलबाईंकडे सिव्हिल लाइन्सला चालले आहे. वरण झालंय, भात तेवढा लावून घे. बाबांनी विचारलं तर बाहेर गेलीय एवढंच सांग. संध्याकाळी मीच त्यांच्याशी बोलेन.

काल दुपारी टीव्हीवरचा सिनेमा संपल्यावर मी तुझ्यावर उगाच चिडले. तो ज्या कादंबरीवरून काढलाय, तिच्यात रोमन शिपाई मागे लागल्यावर ती ख्रिस्ती झालेली मुलगी आईच्या दारात येते, आणि आई कडी काढत नाही. सिनेमात मात्र आई दार उघडून तिला पोटाशी धरते. तू डोळे पुसत म्हणालीस, "आई, सिनेमावाल्यांनी बरं केलं गं." मी म्हटलं, "खोटं आहे ते. पुस्तकातली आईच खरी." तू उठून आत गेलीस, ती जेवायलाही आली नाहीस.

त्या आईला मी ओळखते, म्हणून तसं बोलून गेले. दोन वर्षांपूर्वी नवरा मारतो म्हणून तू सासरहून निघून आलीस आणि इथल्या दुर्गापुरा स्टेशनवर उतरून फोन केलास, तेव्हा "लोक काय म्हणतील? परतीची गाडी पकड," असं मीच म्हणाले होते. पुढच्याच आठवड्यात त्याने तुझा हात मोडला. बाबांना तो फोन अजून माहीत नाही.

तुझ्या सासरचे कोर्टात सांगताहेत की तू आधी कधी तक्रारच केली नव्हतीस. केली होतीस, माझ्याकडे. माझी अब्रू राखायला तू हे वकीलबाईंनाही सांगितलं नाहीस. आज मी ते सगळं लिहून, खाली माझी सही करून देणार आहे.

आई