मामा, तुमच्या गाडीविषयी थोडंसं

ती. स्व. मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार (सध्या पाठ धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरचाच गोड मानून घ्यावा).

तुमचा गुडघा कसा आहे? ताई व्यायाम करून घेते ना? नवा गुडघा आधी परक्यासारखा वागतो म्हणतात, आणि घरचा झाला की कुरकुरायला लागतो. इकडे सगळं ठीक. सासूबाईंचा खोकला थांबला, यांच्या शाळेला सुट्टी आहे (सगळ्याच्या मुळाशी तीच आहे), आणि तुमची गाडीही खुशाल आहे. खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही आधी गाडीची चौकशी करता आणि मग माणसांची, आणि मला सगळं क्रमाने सांगायचं आहे. तो क्रम मला स्वतःलाच अजून नीट लागलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

गुडघ्यासाठी परदेशी ताईकडे जाताना तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि "अधूनमधून सुरू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल" एवढंच म्हणालात. आम्ही तेवढंच करत होतो. मग वरच्या मजल्यावरच्यांनी फरशा उखडायला काढल्या. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही त्याला "मोठ्यानं वाचायची नोकरी" म्हणता). यंदा ऑडिओबुकसाठी एक जाडजूड कादंबरी मिळाली आहे. त्यात एक म्हातारी राजमाता आणि तिला कैदेत टाकणारा एक सेनापती आहे, आणि दोघांचे आवाज मलाच काढायचे. एरवी मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून रेकॉर्डिंग करते. पण राजमातेनं सुस्कारा टाकायला आणि वर ड्रिल सुरू व्हायला एकच गाठ पडायची. शेवटी कंपनीतल्या बाईंनी गोड आवाजात कळवलं की महिनाअखेर प्रकरणं आली नाहीत तर पुस्तक दुसऱ्या आवाजाकडे जाईल. एवढं मोठं काम मला पुन्हा कधी मिळेल असं वाटत नाही, मामा. मी दोन दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल (जेवले, पण चव नव्हती).

तेव्हा यांनी कुठंतरी वाचलं की हल्ली लोक छोट्या गाडीत सगळा संसार मांडून भटकतात आणि झाडाखाली बसून कामं करतात. चित्रं काढणारे, गाणी रचणारे, सगळे. "आपल्याकडे छोटी गाडी आहेच की," हे म्हणाले. त्या "आपल्याकडे"वर मी तिथंच अडायला हवं होतं. यांना गाडी चालवता येत नाही, पण मोजता येते. भूमितीचे मास्तर असल्यामुळे यांनी गाडी आतून-बाहेरून मोजली, कागदावर काढली, आणि ड्रायव्हरशेजारची सीट ही "वाया जाणारी जागा" आहे असं सिद्ध केलं. ती सीट चार बोल्ट काढून आमच्या हॉलमध्ये आणली. अगदी सुखरूप आहे. सासूबाईंना तिच्यात पाठीला इतका आराम पडतो की त्या आता सोफ्यावर बसत नाहीत, आणि टीव्ही बघताना पट्टाही लावून घेतात.

रिकाम्या जागेत इस्त्रीचं टेबल बसवलं. हे टेबल मुळातच घडीचं असल्याने फार सोयीचं, असं यांचं मत. (ब्रेक दाबला की ते आपोआप उघडतं आणि कोपऱ्यानं बरगडीत टोचतं, हे नंतर कळलं.) खिडक्यांना आणि छताला आतून रजया लावल्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत यायला नको. माइकला माझा जुना मोजा चढवून तो आरशाला टांगला. टपावर सूर्यप्रकाशावर चालणारी पाटी, मागं एक जादा बॅटरी, पिण्याचं पाणी, दुपारी पाठ टेकायला घडीची गादी. सगळं यांच्या नकाशाप्रमाणे तंतोतंत बसलं, फक्त नकाशात हे स्वतः नव्हते. मग ते बॅटरी आणि गादीच्या मधल्या फटीत, गुडघे कानांशी घेऊन बसले. रजयांमुळे मागचं काही दिसत नव्हतं, म्हणून ते एक रजई उचलून मला मागची रहदारी तोंडी सांगत होते. अशा थाटात आम्ही गावाबाहेरच्या तळ्याकाठी पोचलो. डेरेदार झाडं, माणूस नाही, पक्षीसुद्धा बेताचे. रस्त्याच्या कडेला गाडी लावली की चारी दिवे लुकलुकत ठेवावेत, हा नियम यांनी पाळायला लावला.

आणि मामा, काम इतकं छान झालं म्हणून सांगू. आत भट्टी पेटली होती (पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद), पण दुपारपर्यंत पहिली प्रकरणं संपवून मी तिथूनच बाईंना पाठवूनही दिली. मग कैदखान्याचा प्रसंग घेतला. तेवढ्यात टपावरची पाटी हलायला लागली, म्हणून हे दोरी आणायला जवळच्या दुकानाकडे गेले. मी एकटीच राजमाता होऊन गयावया करत होते आणि सेनापती होऊन "इथून कुणी जिवंत बाहेर जाणार नाही" म्हणत होते. रजया बाहेरचा आवाज आत येऊ देत नव्हत्या, पण आतला आवाज बाहेर जाऊ देत होत्या. मी दार उघडलं तेव्हा गाडीभोवती तळ्यावर फिरायला आलेल्या मंडळींचं कडं होतं आणि मध्ये एक हवालदार उभे होते.

"आत ती म्हातारी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"ती मीच."

"आणि तो माणूस?"

"तोही मीच."

त्यांना पटेना, म्हणून मी तिथंच सेनापतीचं एक वाक्य म्हणून दाखवलं. ते एक पाऊल मागं सरले. "हा तुमचा आवाज नाही," ते म्हणाले. "कुणाचा आहे?"

मी गोंधळले, मामा. घामानं निथळत होते, समोर एवढी माणसं. खरं तेच तोंडातून गेलं: "माझ्या मामांचा."

"मामा कुठं आहेत?"

"इथं नाहीत."

"गाडी कुणाची?"

"मामांची."

(सेनापतीसाठी मी तुमचा आवाज घेतला आहे, हे तुम्हाला सवडीनं सांगणारच होते. लहानपणी मी तुमच्या गाडीच्या बॉनेटवर चढले की तुम्ही ज्या आवाजात हाक मारायचात, तो.) मी एकही शब्द खोटा बोलले नाही, पण प्रत्येक खऱ्या शब्दाबरोबर लोक जरा जरा मागं सरकत गेले. हवालदारांनी आत डोकावून रजया पाहिल्या, गादी पाहिली, आणि शेजारची सीट का काढली असं विचारलं. नेमके तेव्हाच हे हातात दोरीचं भेंडोळं घेऊन आले आणि कुणी न विचारता म्हणाले, "अजून बांधायचं राहिलंय."

तुमचा इथला फोन बंद होता. ताईचा नंबर मला त्या क्षणी आठवला नाही (आठवला तेव्हा मी सांगितला नाही, कारण तुमची झोपेची वेळ होती). हवालदार सज्जन गृहस्थ निघाले. आम्हाला पाणी दिलं, घरी जाऊ दिलं. गाडी मात्र मालकाचा ठावठिकाणा लागेपर्यंत चौकीच्या आवारात आहे. वर "खुशाल" लिहिलं ते याच अर्थानं. भिंत आहे, फाटक आहे, दिवसरात्र पहारा आहे. इतकी काळजी तर आम्हीही घेतली नसती.

घरी येते तो वरच्यांचं काम संपलेलं. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी कपाट उघडून बसले, आणि बाईंचा फोन आला. प्रकरणं त्यांना बेहद्द आवडली होती. विशेषतः मागं वाजणारं ते राजवाड्यातलं घड्याळ. हे घड्याळ शेवटपर्यंत हवं, त्या म्हणाल्या. मी कपाटात डोकं घालून खूप वेळ विचार केला की आमच्या गाडीत घड्याळ आलं कुठून. ती तुमच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांची टिकटिक होती, मामा. शेजाऱ्यांच्या गाडीत प्रयोग करून पाहिला, पण तिचे दिवे सुतारानं खिळा ठोकल्यासारखे वाजतात. घड्याळ तुमच्याच गाडीत आहे.

तेव्हा आता मी रोज डबा घेऊन चौकीत जाते. हवालदार फाटक उघडतात, मी गाडीत बसून दिवे लावते आणि राजमातेला पुढे नेते. त्यांचा अजून माझ्यावर विश्वास नाही, पण गोष्टीत जीव अडकला आहे. मी नेमकी कुठं नोकरीला आहे, याचं उत्तर आता मला चटकन देता येत नाही.

ताईला आशीर्वाद... नव्हे, ती मोठी आहे, नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
भाची

ता. क. चौकीला एक फोन करून एवढंच सांगाल का, की तुम्ही हयात आहात, गाडी राजीखुशीनं दिलीत आणि त्या दिवशी तुम्ही तिच्यात नव्हता? नंबर पाकिटाच्या मागं लिहिला आहे. फक्त रागावून बोलू नका. रागावलात की तुमचा आवाज हुबेहूब सेनापतीसारखा होतो, आणि हवालदारांनी तो नीट लक्षात ठेवला आहे.

ता. क. २. हे म्हणतात, पत्र वाचून मामा रागावतीलच, त्यापेक्षा ताईलाच फोन करू दे. मला वाटतं, कुणीच इतक्यात करू नये. पाच प्रकरणं राहिली आहेत, आणि चौकीच्या आवारात दुपारी फार शांत असतं. तुम्ही गुडघा पूर्ण बरा करूनच या.