खजुराच्या बुंध्याशी राख

बुरैदा, सौदी अरेबिया,
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

प्यारी सफूरा आपा,

अस्सलामु अलैकुम. मी बरा आहे. अम्मीच्या गुडघ्यांचं तेल आणि तुझ्या अफनानचे बूट फकरुद्दीन चाचांकडे दिलेत. ते उद्या निघतात, गुरुवारी बाणकोटात पोचतील. पत्र एकटीनं वाच. फोनवर बाजूला अम्मी असते आणि माझ्या तोंडून भलतंच निघतं.

इथे थंडी मरणाची. माझ्या कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, अबू सालेहच्या, म्हाताऱ्या आईला धूर सोसत नाही, म्हणून तिच्या खोलीत लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी बसवलीय. शेंगदाण्याएवढ्या गोळ्या टाकीत ओतायच्या, त्या आपोआप लोखंडी वाटीत पडून जळतात. मला आणलं ड्रायव्हर म्हणून, पण राख काढणं माझ्याच गळ्यात. रोज सकाळी बंद करायची, निवू द्यायची, वाटीची भोकं खरवडायची. भोकं बुजली की हवा कोंडते, काच काळी होते, म्हातारी खोकत बसते. राख झाकणाच्या बादलीत दोन दिवस ठेवायची, मगच टाकायची. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

रविवारी सकाळी तुझा मेसेज आला. महाडवाले शुक्रवारी जुम्यानंतर उमामाच्या लग्नाचा शब्द घ्यायला येणार. आणि तिच्या अब्बांचं, हुसेनमियाँचं, ते बोलणं: "कॉलेजात एकाचं नाक फोडून पळालेला पोरगा. हात चालतो, तोंड चालतं का बघू. शुक्रवारच्या आत समोर येऊन बोलला तर ऐकेन." ते नाक कुणासाठी फोडलं, त्यांना माहीत नाही का?

डोकं भणभणलं. सुट्टी मागायची म्हणून घाईघाईत शेगडी उरकली, निवूसुद्धा दिली नाही. बादली भरलेली. मग अम्मी माडांना घालते तशी ती राख अंगणातल्या खजुराच्या बुंध्याशी ओतली. वरून राखाडी, गार दिसत होती. आत निखारा होता, आपा. बुंध्याला सुकलेल्या झावळ्या, काथ्या. मी नळी ओढत आणीपर्यंत झाड शेंड्यापर्यंत पेटलेलं.

ते झाड म्हातारीच्या नवऱ्यानं लावलेलं. ती दारात येऊन उभी राहिली. रडली नाही.

अबू सालेहनं एवढंच विचारलं, "हाशिर, ये क्या किया?" माफ करो म्हणायचं होतं, बस. मी ओरडलो, "एक झाड जल गया तो क्या? तुम्हारे पास दो सौ हैं! मेरा सब जल रहा है, वो कौन देखेगा?" त्याच्या आईसमोर.

 त्यानं फोन काढून पडदा माझ्यासमोर धरला. माझा जाण्यायेण्याचा व्हिसा. मागच्या आठवड्यात घरी जायचं नुसतं बोललो होतो, तर त्यानं शनिवारीच काढून ठेवला होता. मला दाखवून दोन बोटांत रद्द केला. "खलास. रमजान के बाद."

काल दोनदा त्याच्या पाया पडायला गेलो. दोन्ही वेळा म्हणाला, "गाडी धोई क्या?" त्यानं व्हिसा काढल्याशिवाय मला हा देश सोडता येत नाही. कुठलाच रस्ता उरला नाही, सगळे करून बघितले.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. रविवारी संध्याकाळी उमामाचा फोन आला. "तिकीट झालं?" मी म्हटलं, "हो. गुरुवारी पोचतो." ती इतकी हसली, आपा. म्हणाली, "मग शुक्रवारी महाडवाल्यांसमोर मीच अब्बांना सांगणार, मला हे स्थळ नको, हाशिर आलाय." काल परत फोन आला. परत हो म्हटलं. खरं सांगायला तोंड उघडतो आणि तिचा आवाज ऐकला की खोटंच येतं.

पत्र मिळताच तिच्याकडे जा. शुक्रवारी तिला बोलू देऊ नकोस. चार माणसांत ती माझं नाव घेईल आणि दारात कुणीच नसेल. मला शिव्या देऊ दे, थुंकू दे, पण महाडवाल्यांना हो म्हणू दे.

न येणारा,
हाशिर