मेचोची लायब्ररी मी पुसली तेव्हा

ट्रोयान, सोमवार

प्रिय झाहारीस लोझानचा नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, ते तुझ्याआधी रुसतात. बुर्गासची समुद्राची हवा मानवली का? लेक जेवणात मीठ कमी घालते म्हणून कुरकुरतोस असं कळलं. (घालू दे कमी. तुझा रक्तदाब मला ठाऊक आहे.) इकडे तुझी वहिनी नेवेना ठणठणीत आहे, आलुबुखार उतरवून झालेत.

तर झालं असं, की आपल्या मेचोला नवा करायला घेतला. तुझ्या गॅरेजमध्ये बसून आपण हौसेनं लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम, वापरणारे जगात आपण दोघंच (तू सोडलीस, म्हणजे मी एकटाच), पण म्हणून काय तिनं म्हातारं व्हायचं? मूळ लायब्ररी नव्यानं कंपाइल केली. एकही चूक निघाली नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती. पण मी फुशारलो, जुनी लायब्ररी पुसली आणि नवी तिच्या जागी ठेवायला गेलो. कॉपीची आज्ञा दिली, तर ती हलेना. हलणार कशी? तिलाही चालायला लायब्ररीच लागते, आणि ती मी नुकतीच पुसलेली. यादीची आज्ञा मेली, मशीन बंद करायची आज्ञासुद्धा मेली.

नेवेनाला समजावलं, की सगळे प्रोग्राम एकाच लायब्ररीला जोडलेले असतात. ती म्हणाली, "म्हणजे अख्ख्या गल्लीचा रकियाची दारू गाळायचा हंडा एकच, आणि तू तोच भंगारात दिलास?" याहून नेमकं आपल्यालाही कधी सांगता आलं नव्हतं.

मग आठवली तुझी 'शिडी'. हवं ते सगळं पोटात घेऊनच जोडलेला तो एकुलता एक प्रोग्राम. तिला मी 'लठ्ठ म्हैस' म्हणायचो, आणि तू म्हणायचास, "लोझान, एक तरी कुणावर न विसंबणारा असू दे." चालवली. पडद्यावर पहिली ओळ आली: "घाबरू नकोस, गाढवा. आधी चहा पी."

मी मोठ्यानं हसलो. मग हसू थांबलं. तुझ्या त्स्वेतानाला माती देऊन आल्यापासून तुझा आवाज या घरात आला नव्हता रे. फोनवर 'हो', 'बरं', 'ठेवतो' एवढंच. नेवेना दारात उभी होती. चहा ठेवायला गेली.

चहा प्यालो आणि तुझ्या शिडीनं नवी लायब्ररी जागेवर ठेवली.

तुझा,
लोझान

ता. क. मेचो सुरू होतो, पण जुने प्रोग्राम नव्या लायब्ररीशी जोडताना काहीतरी अडतं. ते तुलाच कळेल. फोनवर सांगण्यासारखं नाही. शनिवारच्या बसनं येशील का?

ता. क. (नेवेनाकडून) झाहारी, काही अडत नाही. मशीन परवापासून नीट चालतंय. हा त्याच्यासमोर दोन खुर्च्या मांडून बसतो. गुडघ्यांची गोळी घे आणि ये.