मनगटाखालचा तळहात

१९ सप्टेंबर

प्रिय मावशी,

सादर नमस्कार. तुझं पत्र पोचलं. मामाकडे तुला वरची खोली मिळाली आणि खिडकीतून भरपूर उजेड येतो, हे ऐकून आईला बरं वाटलं. तेवढाच भाग मी तिला वाचून दाखवला.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, पण तिची कुरकुर चालूच आहे. वरच्या मजल्यावर कुत्रा आणलाय. तो आपल्याला अजिबात आवडत नाही, असं ती दिवसभर सांगते आणि संध्याकाळी त्याला बिस्किट टाकते. हॉस्पिटलमधल्या तुझ्या मेट्रनच्या खोलीतल्या कुंड्या मी घरी आणल्या. बरीचशी झाडं जगतील.

तुझ्या विनंतीचं उत्तर तुला घाईने हवंय. त्याआधी एक जुनी गंमत आठव.

ट्रेनिंगमध्ये मला काही दिवस दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवलं होतं. तिथल्या सर्जनबाई सुरी घेऊन वाकल्या आणि मी झटकन माझा तळहात त्यांच्या मनगटाखाली धरला. त्या थांबल्या. "काय गं, माझा हात गळून पडतोय का?" सगळं थिएटर हसलं. त्याआधी मी फक्त तुझ्याच थिएटरमध्ये उभी राहिले होते. तू आपल्या डॉक्टरांच्या मनगटाखाली तळहात धरायचीस, म्हणून मला वाटायचं, चिमटा हातात देण्यासारखंच तेही नर्सचं काम असणार. घरी येऊन मी सगळी नक्कल करून दाखवली. आई हसून हसून बेजार झाली. तू भाजी निवडत होतीस, ती निवडत राहिलीस.

तू का हसली नाहीस ते मला तेव्हा कळलं नाही.

बेकरीवाल्याच्या प्रकरणावर आपण कधीच बोललो नाही. आताही मी फार लिहिणार नाही. पोटाचं आतलं काम संपलं की डॉक्टरांना शेजारच्या खोलीत काहीतरी काम निघायचं आणि कातडीचे टाके आम्ही घालायचो. ते नर्सचं काम नाही, हे वर्गात तूच शिकवायचीस. टेबलापाशी "घाल गं टाचणे, तुझा हात सफाईचा आहे," असंही तूच म्हणायचीस. टाचणी हे नावही तूच मला पाडलेलं. बेकरीवाल्याची जखम चिघळली, उसवली, त्याला पुन्हा भूल द्यावी लागली. टाके माझे होते. ते मी नाकारलं नाही. मग नर्सिंग कौन्सिलच्या लोकांनी तुला विचारलं, हे कोणाच्या सांगण्यावरून चालायचं? माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "माझ्या तरी नाही. पोरगी हुशार आहे, पण हौशी आहे."

माझी नोंदणी वर्षभर थांबवली गेली. ते वर्ष मी चष्म्याच्या दुकानात काचा पुसल्या. तिथे एक आजोबा यायचे. हात इतका कापायचा, की फ्रेम नाकावर बसायची नाही. त्यांची बायको माझ्याशी बोलता बोलता, तिकडे न बघताच, त्यांच्या मनगटाखाली तळहात धरायची. एका दुपारी ते पाहताना माझ्या हातातलं फडकं थांबलं.

म्हणजे टाके आमच्याकडे का यायचे, हे तुला माहीत होतं. डॉक्टरांचा हातही तसाच कापायचा, आणि तोवर तो थकलेला असायचा. तो झाकण्यासाठी तुला माझा हात पुरला आणि पुढे मीही पुरले.

नोंदणी परत मिळाल्यावर तूच शब्द टाकून मला पुन्हा कामावर घेतलंस. माया म्हणून घेतलंस की डोळ्यांसमोर असावी म्हणून, ते मी विचारलं नाही. नेमून दिलेलं काम केलं आणि वाट पाहिली. डॉक्टरांसमोर उभं राहायची पाळी माझ्यावर आली, त्या सकाळी टेबलावर पोस्टातल्या बाई होत्या. शेजारच्या थिएटरमधल्या नव्या सर्जनना मी आधीच सांगून ठेवलं होतं, हाकेच्या अंतरावर राहा. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, गरज पडेल.

डॉक्टरांनी सुरी घेतली, हात पुढे केला आणि सवयीने थांबले. मी दोन्ही हात चादरीवर एकावर एक ठेवले. सुरी कातडीच्या वर, हवेतच हलत राहिली. भूल देणाऱ्या बाईंनी मान वर केली.

"सिस्टर," डॉक्टर अगदी हळू म्हणाले.

"बोला, डॉक्टर."

तू दारातून पाहिलंस आणि हात पुढे करून धावत आलीस. तेव्हा मी जे बोलले ते तुला अजून झोंबतं, असं तू लिहितेस. मी एवढंच म्हणाले, "मेट्रन, तुम्ही हात धुतलेले नाहीत." जन्मात पहिल्यांदा मी तुला अहो-जाहो केलं. पण चूक काही बोलले नाही.

डॉक्टरांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली. ठेवतानाही ती वाजली. ऑपरेशन नव्या सर्जननी केलं. पोस्टातल्या बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, पुन्हा काउंटरवर बसतात.

तू म्हणतेस, मी एकटीने तुझ्याकडे यायचं होतं, तू डॉक्टरांना समजावलं असतंस. आले असते. मग ते तब्येतीचं कारण सांगून मानाने घरी बसले असते, तू त्यांच्या निरोपाला हार आणला असतास, आणि मी हौशीच राहिले असते. मला भरलेली खोली हवी होती, मावशी. ती मिळाली. त्या दिवशी मी शांत झोपले.

आता तुझी विनंती. सोमवारी कौन्सिलने मला बोलावलंय, आणि डॉक्टरांचा हात कापतो हे तुला ठाऊक नव्हतं, एवढं एकच वाक्य मी बोलावं असं तुझं म्हणणं आहे. नाहीतर तुझी नोंदणी कायमची जाईल. जाईल, हे खरं आहे. इतक्या वर्षांची नोकरी अशी संपावी हे वाईट आहे, हेही खरं आहे.

मी ते वाक्य बोलणार नाही. सर्जनबाईंची गंमत सांगेन, आणि ती ऐकून घरात कोण हसलं नाही तेही सांगेन.

तुलाही बोलायची संधी देतील. तळहात कोणाच्या सांगण्यावरून धरलास, असं विचारतील. डॉक्टरांचं नाव तू घेणार नाहीस, हे मला माहीत आहे. तेव्हा सांग, कोणीच सांगितलं नव्हतं, मी हौशी होते.

आईला यातलं काही माहीत नाही. सोमवारी घरी आल्यावर मीच सांगेन. कुंड्यांना पाणी घालते आहे, काळजी करू नकोस.

तू शिकवलेली,
टाचणी