नळगंगा एअरवेजचा कडता

खामगाव,
दि. ११ जून

सहदेवभाऊंच्या सेवेशी,

खामगावहून कडूबाचा वाकून नमस्कार. (जावयानं बायकोच्या भावापुढं वाकायची आपल्याकडे रीत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वाकलो आहे, उगाच चर्चा नको.) तिकडे बीबी गावात सगळी मंडळी सुखरूप असतील, वहिनींचे गुडघे बरे असतील, तुमची ती मारकी म्हैस आता तरी माणसांत आली असेल, असं धरून चालतो. इकडे मी ठणठणीत आहे. दोन वेळचं जेवण आहे, झोप आहे, काळजी करण्यासारखं काही एक नाही.

पत्रास कारण म्हणजे, तुमच्या बीबीच्या बाजारात अशी बोलवा उठली आहे म्हणे की नळगंगा एअरवेज ही कंपनी कडूबानं बुडवली. भाऊ, मी साधा मापारी माणूस. मी बुडवून बुडवून काय बुडवणार? तेव्हा या कंपनीचा खरा इतिहास तुम्हाला कळावा, आणि तुम्ही तो घरात सगळ्यांना (सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, माजघरात बसणाऱ्यांनाही) मोठ्यानं वाचून दाखवावा, म्हणून लिहितो.

आमच्या चंद्रशेखरशेठच्या आठ ट्रॅव्हल्स गाड्या खामगावहून पुण्याला जातात, हे तुम्ही जाणताच. शेठ स्वतः त्यांत कधी बसत नसत. दोन वर्षांमागं एकदा बसले, पुण्याला पोचेपर्यंत त्यांची कंबर जी धरली ती महिनाभर सुटली नाही, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी विमान घ्यायचं ठरवलं. (दुसऱ्या कुणी गादी बदलली असती.) विमान भाड्याचं, एकोणीस खुर्च्यांचं. त्याला ट्रॅव्हल्सचाच पोपटी रंग दिला आणि शेपटाकडे ‘पुन्हा भेटू’ लिहिलं. शेठच्याच कापसाच्या जिनिंगच्या मागच्या पडीत जमिनीवर धावपट्टी झाली. कंपनी स्वस्तातली, त्यामुळे एकेका माणसाकडे चार-चार कामं. तिकीट फाडणारी मनालीच विमान झाडायची, आतल्या सूचना सांगायची आणि पाण्याचा कॅन व एक स्टीलचा गिलास घेऊन फिरायची. लोकांनीही कंपनीला लगेच आपलं मानलं. खिडक्या उघडत नाहीत म्हटल्यावर दारातूनच आत रुमाल फेकून जागा धरू लागले. धामणगाव बढेच्या मंडळींनी तर तहसीलदारांना निवेदन दिलं की विमान रोज आमच्या डोक्यावरून जातं, मग आमच्या गावाला थांबा का नाही? उत्तर आलं नाही म्हणून अकरा जण मांडव घालून उपोषणाला बसले. विमान रोज वरून जायचं आणि आतले लोक त्यांना हात करायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनीही हात केला आणि उपोषण सुटलं.

आता माझा संबंध. असल्या लहान विमानात बसणाऱ्या प्रत्येक माणसाचं आणि पिशवीचं वजन करावं लागतं. मार्केट यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून मी घरीच होतो. सव्वीस वर्षं कापूस तोललेला माणूस मोकळा आहे, हे शेठना आठवलं. जिनिंगमधला लोखंडी पाट्याचा काटा धावपट्टीवर आणून ठेवला, आणि मी नोकरीत रुजू झालो. भाऊ, काम तेच होतं, फक्त माल बोलणारा. पहिल्या प्रवाशाला मी एक म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणत असे, कारण पहिल्या मापाला एक म्हणायची आपली पद्धत नाही. वजन मोठ्यानं पुकारत असे, कारण जो मापारी हळू बोलतो त्याच्या काट्यावर संशय येतो. आणि तिसरी सवय म्हणजे कडता. तुम्ही शेतकरी, तुम्हाला कडता काय सांगायचा? पोत्याचं वजन, कचरा आणि ओलावा यापोटी तोललेल्या मालातून दोन किलो कापायचे आणि मग आकडा लिहायचा. माणसाच्या अंगावर बारदान नसलं तरी कपडे असतात, चपलेला माती असते, आणि मे महिन्यातल्या खामगावात ओलाव्याचं तर विचारूच नका. मी माणसामागं दोन किलो कापत होतो, आणि पिशवीमागं एक. मला कुणी कापायला सांगितलं नव्हतं. हातानं आपोआप कापलं. सव्वीस वर्षांचा हात तो, तो काय मला विचारून चालतो?

वर्षभर कंपनी झकास चालली. धावपट्टीच्या टोकाला चरणाऱ्या शेळ्यांना रोज थोडं थोडं लांब पळावं लागे, एवढंच.

मग मे महिन्याची चौदा तारीख आली. त्या दिवसाबद्दल तुम्ही एकाच बाजूनं ऐकलं आहे, म्हणून आता माझी ऐका. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, शालूला मी कुठं म्हणून नेलं नव्हतं. नोकरी लागल्या दिवशी म्हटलं, तुले विमानात बसवतो. तिनं ते तुमच्या अख्ख्या बीबीला फोन करून सांगितलं. नवी जांभळी साडी घेतली. काट्यावर उभी राहिली तेव्हा मी सवयीनं पुकारलं, ‘एक्क्याऐंशी!’, आणि तिकडे शेळ्या राखणाऱ्यानंसुद्धा मान वर केली. (लिहिताना मात्र मी चार किलो कडता कापला. ते ती सांगत नसेल.) तरीही ती आत गेली आणि खिडकीशी बसली.

ऊन चव्वेचाळीस अंशांचं. तापलेल्या हवेत विमान कमी वजन उचलतं. आमच्या वैमानिक कॅप्टन मंजुश्रीबाई, आपल्याकडच्याच, मोताळा तालुक्यातल्या, खाली उतरून म्हणाल्या, “काका, आज जड वाटून राह्यलं. एक माणूस उतरवा, नाहीतर ती मागची तीन पोती उतरवा.” पोत्यांत तुरीची डाळ होती, पुण्याला शिकणाऱ्या पोरांसाठी आईबापांनी दिलेली. आता भाऊ, मी विचार केला. पोती उतरवली तर तिघे मालक माझ्याशी भांडतील, शेठकडे जातील. परक्या माणसाला उतरवलं तर तोही भांडेल. भांडणार नाही असं विमानात एकच माणूस होतं. आपलं माणूस म्हणून मी आत गेलो आणि शालूला उतर म्हटलं.

ती एवढंच म्हणाली, “तुरीची डाळ बसली, अन् मले काऊन उतरवून राह्यले?”

ती उतरली. विमान गेलं. ती धावपट्टीवरूनच चालत सडकेला लागली, आणि एसटीनं तुमच्याकडे आली. जांभळ्या साडीतच आली असणार.

पुढचा इतिहास थोडा आहे. तिला उतरवूनही विमान शेळ्यांच्या डोक्यावरून कसंबसं गेलं. परत आल्यावर मंजुश्रीबाई थेट काट्यावर उभ्या राहिल्या, स्वतःचं वजन डोळ्यांनी पाहिलं, मग माझं रजिस्टर पाहिलं. “काका, माहे दोन किलो कुठी गेले?” मी कडता समजावून सांगितला. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. मग म्हणाल्या की वर्षभर आपण रोज न लिहिलेलं एक माणूस जास्तीचं घेऊन उडत होतो, काका. कापसाचं दोन किलो चुकलं तर कुणी मरत नाही, विमानात मरतं, हे मला पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवसापासून खरं वजन लिहू लागलो. खऱ्या वजनानं उन्हाळ्यात चौदाच माणसं बसत, चौदांत कंपनी परवडेना, आणि शेठनी पंधरा दिवसांत गाशा गुंडाळला. म्हणजे कंपनी मी बुडवली नाही, भाऊ. माझ्या चुकीवर ती चालली होती, आणि चूक सुधारल्यावर ती बंद पडली. हे बीबीच्या बाजारात नीट समजावून सांगा.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, म्हशीपासून जपून असा.

तुमचा,
कडूबा

ता.क. — कंपनी बंद झाल्यावर शेठनी आठवण म्हणून तो काटा मला देऊन टाकला. तो ओसरीत आहे. तुम्हाला भुईमुगासाठी हवा असल्यास सांगा.

ता.क. दुसरा — काट्यासाठी पत्र लिहिलेलं नाही. येत्या गुरुवारी सकाळी मंजुश्रीबाई ते विमान मालकाकडे परत द्यायला घेऊन जाणार आहेत. एकोणीसच्या एकोणीस खुर्च्या रिकाम्या. मी त्यांना हात जोडले. त्यांनी रीतसर कागद करून एका माणसाची परवानगी काढली आहे, आणि वजन पुकारायचं नाही असं मला बजावलं आहे. शालूला बुधवारी एसटीत बसवून द्या. तिला म्हणावं, कोणत्याही खिडकीशी बस, डाळीचं पोतं नाही, रुमाल नाही, आणि मी खाली उभा राहीन. चुकलं माझं. भांडत नाही म्हणून मी तिलाच उतरवलं, आणि यायचंच असेल तर भांडायला ये म्हणावं.

ता.क. तिसरा — वर ठणठणीत लिहिलं आहे ते तेवढं वाचून दाखवू नका. ती गेल्यापासून रोज सकाळी काट्यावर चढतो. आज नऊ किलो कमी भरलो. कडता न धरता.