खिडकीकडे धरलेली पाटी

प्रिय ठमे,

फोन तू उचलत नाहीस आणि मोबाइलवर लांबलचक लिहायला माझी बोटं तयार नाहीत, म्हणून सरळ कागद घेतला. इकडे बरं आहे. तुझी वहिनी अजूनही आलेल्या माणसाला आधी हात धुवायला लावते, मग 'या' म्हणते. दुकानाचं शटर पुन्हा पूर्ण वर जातं. बाबांच्या खुर्चीवर मात्र कुणी बसत नाही. तिच्यावर घडी घातलेले कपडे साठतात, आणि ते उचलायचं आम्ही दोघंही एकमेकांवर ढकलतो.

टाळेबंदीत सगळ्यांचे धंदे बसले आणि माझा तेवढा उभा राहिला, हे तू चिडवायचीस. दुकानांपुढचे गोल, बाण, 'मास्कशिवाय आत येऊ नये', गावभर माझाच ब्रश फिरत होता. हे काम मला कुणी शिकवलं नाही. दुसऱ्यांच्या पाट्या बघून, जुन्या पत्र्यांवर गिरवून हात बसवला. पण माझी पाटी रस्त्यापलीकडून वाचता आली नाही असं कुणी म्हणून दाखवावं! तुमच्या हॉस्पिटलच्या फाटकावरची 'नातेवाइकांना प्रवेश बंद'सुद्धा माझीच. पांढऱ्यावर लाल, कडा स्वच्छ. बाबांना तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि मी त्यांच्या मागे निघालो, तर वॉचमन म्हणाला, "पेंटर, तुम्हीच लिहिलंय ना? मग वाचा की!" आजूबाजूचे हसले. खरं सांगतो, मीही हसलो.

हॉस्पिटलपुढच्या त्या मोर्चात मी का गेलो, हे तू कधी विचारलं नाहीस. सुरुवातीला तो मोर्चा नव्हताच गं. ज्यांची माणसं आत होती असे आम्ही काही जण फाटकासमोर उभे राहायचो. मागणं एवढंच, की ज्याचं माणूस जायला टेकलंय त्याच्या घरच्या एकाला, तुमच्यासारखा तो प्लास्टिकचा अंगरखा घालून, पाच मिनिटं आत सोडा. मग जिम बंद पडलेला तो दांडगा आला, त्याच्यामागून रोगच खोटा आहे म्हणणारे आले, कॅमेरे आले, आणि आमचं मागणं त्यांच्या आरडाओरड्यात कुठल्या कुठे गेलं. मला घोषणा रंगवायला सांगितलं. मी पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगात लिहिलं, 'बाबा, मी खाली आहे'. लांबून वाचायला पिवळ्यावर काळ्यासारखं काही नाही. अक्षरं जाड घेतली, कारण बाबांचा चष्मा घरीच राहिला होता. पाटी तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून धरली, तर जिमवाला ओरडला, "अहो पेंटर, उलटी धरलीय! कॅमेरा इकडे आहे!" मी म्हटलं, "माझं गिऱ्हाईक वर आहे."

आणि मग खिडकीत तू आलीस. तुम्ही सगळ्या तिथे सारख्याच दिसायचात, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. पण एका पायावर भार टाकून उभी राहायची तुझी खोड अंगरख्यात झाकत नाही. तू खाली वाकलीस, आणि काचेच्या कडेला एक हात वर आला. तुझ्या हाताने धरलेला, पण तुझा नव्हे. तो हात मी ओळखला. पत्रा वाऱ्याने फडफडत होता, दंड भरून आले होते. तरी तो हात खाली जाईपर्यंत मी पाटी हलू दिली नाही.

बाबा गेले त्या दिवशी तू मागच्या दाराने बाहेर पडलीस. तिकडेही माणसं धावली. "हीच ती वॉर्डची मुख्य, हिनेच आपल्या माणसांना कोंडून मारलं," असं काहीबाही चाललं होतं. त्या लोंढ्यात तू मला पाहिलंस आणि तुला वाटलं, मीही त्यांच्यातलाच; तुझ्या डोळ्यांत ते दिसलं. ठमे, मी त्यांच्यासोबत धावत नव्हतो. मी तुझ्यापर्यंत यायला धावत होतो. पण तेवढ्यात तू आत चढलीस आणि ॲम्ब्युलन्सचं दार लागलं. एकाला तरी आत सोडायला हवं होतं, हे माझं मत आजही तेच आहे आणि ते बदलणार नाही; हट्टी तर हट्टी. पण तो नियम तू केला नव्हतास. आणि बाबांजवळ शेवटी घरचं एक माणूस होतं, हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल जिमवाला दुकानात आला होता. फाटकासमोर मोठा फलक लावायचा आहे म्हणाला: 'यांनी आमच्या माणसांना एकटं मरू दिलं', आणि खाली नावं. पहिलं नाव तुझं. अक्षर माझंच हवं म्हणे, कारण माझाही बाप त्यात गेला, लोकांवर वजन पडेल. मी त्याला दुकानाबाहेर काढलं. पण तो गप्प बसणारा नाही, बाजारात छपाईची मशीनं आहेत. सोमवारी तो फलक लागणारच. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. सोमवारी तुझी सकाळची पाळी असते. मी तुझ्या खोलीखाली येऊन थांबतो. मागच्या दाराने जाऊ नकोस. त्या फलकासमोरून, सगळ्यांच्या देखत, आपण दोघं चालत जाऊ. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फाटकापर्यंत मला तुझ्या शेजारी चालू दे. तिथून पुढे मला प्रवेश नाही.

तुझाच,
भांडून दमलेला दादा